शहाण्णव बाइटांत बसलेलं नाव

मशीनला नातीगोती नसतात, असं मी सत्तरीच्या एका माणसाला दुधाच्या रांगेसमोर सुनावलं होतं. रांग हसली. मलाही स्वतःचं कौतुक वाटलं, कारण असं वाक्य मला ऐन वेळी सहसा सुचत नाही, घरी आल्यावर सुचतं. त्या दिवशी नेमकं सुचलं. चूक माझी होती, त्यांची नव्हती, हे कळायला मला आठ दिवस लागले आणि ते कबूल करायला त्यानंतर पाच आठवडे. पहिल्या आठ दिवसांबद्दल मी स्वतःला कधीमधी माफ करते. पुढच्या पाच आठवड्यांबद्दल अजून जमलेलं नाही.

मी शिरूरमधल्या एका लहान कंपनीत प्रोग्रामर आहे. गावोगावच्या दूध केंद्रांवर जी मशिनं असतात त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. शेतकरी किटली घेऊन येतो, सेक्रेटरी त्यातलं थोडं दूध मशीनखाली धरतो, मशीन फॅट सांगतं, दुधात पाणी असेल तर तेही ओळखतं. मग माणसाचं नाव, आकडे आणि काही शेरा असेल तर तो, सगळं भिंतीवरच्या बोर्डावर लाल अक्षरांत सरकत जातं आणि चिठ्ठीवर छापून येतं. बोर्ड रांगेकडे तोंड करून लावायचा असतो. पारदर्शकता म्हणून. ही कल्पनाही माझीच.

बोर्ड आणि प्रिंटर चालवणारा जुना कोड सी भाषेतला होता. तो कुणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेला, आणि चालतोय तोवर हात लावू नये अशी आमच्याकडे त्याची ख्याती. मी नवा भाग रस्ट भाषेत लिहीत होते. माझ्या भागानं नाव द्यायचं, जुन्यानं ते दाखवायचं. एवढंच काम होतं, आणि माती तिथंच खाल्ली.

माझं माहेर दौंडचं, रेल्वे कॉलनीतलं. वडील पॉइंट्समन म्हणून रिटायर झाले. गाडी स्टेशनातून पुढे गेली की ते शेवटच्या डब्याची पाठ बघायचे. तिथं एलव्हीची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची, पाटी असते. ती दिसली म्हणजे गाडी पुरी आली, मागे डबे तुटून राहिलेले नाहीत. न दिसली तर मागून दुसरी गाडी सोडायची नाही. हल्ली बऱ्याच ठिकाणी रुळांना चाकं मोजणारी यंत्रं लावलीत. जितकी चाकं आत शिरली तितकी बाहेर पडली की काम झालं, पाटीवाचून अडत नाही. सी आणि रस्टमधला फरक मला कॉलेजात कुणी समजावला नव्हता, तो मी असा लावून घेतला. सी पाटी बघते. मजकुराच्या शेवटी एक शून्य ठेवलेलं असतं, ते दिसेपर्यंत ती वाचत जाते. रस्ट चाकं मोजते. मजकूर किती लांब आहे हे ती वेगळं लिहून ठेवते, शेवटी शून्य असो वा नसो. तेव्हा रस्टकडचा मजकूर सीच्या हातात देताना आधी पाटी लावायची, हा नियम. त्यासाठी तयार साधन आहे. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात.

त्या दोन ओळी मी लिहिल्या नाहीत. मी नावासाठी शहाण्णव बाइटांचा, म्हणजे संगणकाच्या शहाण्णव घरांचा, एक कप्पा केला. दर वेळी तो आधी शून्यांनी भरायचा आणि मग त्यात नाव ओतायचं. नाव लहान असलं की मागं शून्यं उरतातच, म्हणजे पाटी आपोआप लागली, असा माझा हिशेब. नाव शहाण्णवाहून मोठं असलं तर शेवटचं घर सोडून, पूर्ण अक्षर बघून कापायचं. त्याच्या लगेच शेजारी शेऱ्याचा कप्पा. तो मात्र मी दर वेळी पुसत नव्हते. शेरा नसेल तेव्हा त्याची लांबी शून्य आहे असं नोंदवायचे आणि पुढे जायचे. मोजणाऱ्या भाषेत लांबी शून्य म्हणजे रिकामं. आधीच्या माणसाची अक्षरं आत तशीच पडलेली असली तरी तिला काही देणंघेणं नसतं.

अशी उचापत करायची तर रस्ट तुमच्याकडून 'अनसेफ' हा शब्द लिहून घेते. म्हणजे इथून पुढची जबाबदारी तुमची. त्याच्या वर, हे सुरक्षित का आहे याची एक ओळ लिहायची पद्धत आहे. मी लिहिलं: नाव शहाण्णव बाइटांपेक्षा लहान असतं, शून्याला जागा उरते. कुणी विचारलं नाही, कारण आमच्या ऑफिसात हे तपासू शकेल अशी मी एकटीच होते. न तपासता दिलेली ती साक्ष होती, आणि साक्ष देताना मला काही सुद्धा वाटलं नाही.

आता हे दुसऱ्या कुणी, पुण्यामुंबईच्या माणसानं लिहिलं असतं तर मी त्याला झोडपून काढलं असतं. कारण आमच्याकडे नाव कधी एकटं येत नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, चुलत भाऊही तेच ठेवतात, आणि एका वस्तीवर एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे आणि एकाच आडनावाचे तीन जण निघतात. मग नावाला शेपूट लागतं. ओढ्याकडचे, वरच्या मळ्यातले, मारुतीमागचे. माझ्या सासऱ्यांचं नाव रेशनच्या दुकानात आजही 'टाकीजवळचे' या शेपटासकट लिहिलेलं आहे. मला हे रोजचं माहीत. पण कोड लिहायला बसले की मी शहरातली होते, आणि तिथं माणसाला नाव आणि आडनाव एवढंच असतं.

निमोण्याच्या पुढे एका वस्तीवर केंद्र होतं. तिथं मशीन बसवायला मी स्वतः गेले. सेक्रेटरी म्हणजे पन्नाशीतले शांत गृहस्थ, एका बोटानं टाइप करणारे. ते सभासदांची नावं भरत होते आणि मी शेजारी चहा पीत होते.

"काका, एवढं लांब कशाला?" मी म्हटलं.

"तीन जण हायेत ह्याच नावाचे, मॅडम. न्हाईतर येकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर जायचं."

लांब नावं कडेला कापली जात होती. कापली जाताहेत, मशीन बंद पडत नाही, म्हणून मी खूश होते. एक नाव मात्र शेपटासकट पुरतं बसलं. अक्षरं, काने, वेलांट्या धरून एकतीस खुणा, प्रत्येकीचे तीन बाइट, आणि मधल्या तीन मोकळ्या जागा, एकेक बाइटाच्या. बेरीज बरोबर शहाण्णव. कप्पा काठोकाठ भरला, शून्याला जागाच उरली नाही. ते मी तेव्हा मोजलं नव्हतं. मला एवढंच दिसलं की ते नाव स्क्रीनवर सगळ्यांत व्यवस्थित दिसतंय. ते आबांचं नाव.

आबांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. आबांनी मेंढरं सोडली, शेती धरली, दोन गाई ठेवल्या. जुन्या काळी सेक्रेटरी दुधात काचेचं लॅक्टोमीटर बुडवून बघायचे, तेव्हा आबांची किटली तपासायचीही नाही असा रिवाज होता. हे मला सेक्रेटरींनीच पहिल्या दिवशी कौतुकानं सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, आता तसं चालणार नाही.

रांगेत नंबर माणसं धरत नाहीत, किटल्या धरतात. ज्याची त्याची जागा ठरलेली, वाटेवरच्या घरांच्या क्रमानं. आबांची किटली रोज एकाच माणसाच्या मागे. तिसऱ्या सकाळी त्या पुढच्या माणसाच्या दुधात पाणी निघालं. बोर्डावर त्याचं नाव गेलं, शेरा गेला: पाणी आढळले. तो किटली उचलून चालू लागला, त्याला बहुधा अपेक्षित होतं. मग आबांचं दूध लागलं. जुन्या कोडनं आबांचं नाव वाचायला घेतलं, शेवटी शून्य सापडेना, तो पुढच्या कप्प्यात शिरला आणि तिथं पडलेलं आधीच्या माणसाचं वाचत सुटला. लाल अक्षरांत आबांचं नाव सरकलं आणि त्याला चिकटून, पाणी आढळले.

आबा बोर्डाकडे बघत राहिले. मग चिठ्ठी हातात घेऊन माझ्याकडे वळले.

"मॅडम, फॅट बघा की. चार पाइंट दोन लागलंय. पाणी आसतं तर येवढं लागलं आसतं व्हय?"

इतका नेमका प्रश्न मला कंपनीत आजवर कुणी विचारलेला नाही. शिवाय पुरावा त्यांच्या हातात होता. शेऱ्याची ओळ चिठ्ठीवर वेगळी असते आणि ती कोरी होती, अक्षरं नावाच्या ओळीत घुसली होती. मी चिठ्ठी हातात घेऊन बघितली असती तर तिथल्या तिथं कळलं असतं. पण मागे चाळीस किटल्या होत्या, मला साडेआठला शिरूरची गाडी गाठायची होती, आणि मशीनवर पहिल्यांदाच कुणी शंका घेतली होती. मला राग आला. खरं तर भीती वाटली, आणि ती रागासारखी बाहेर आली.

"आबा, पाणी वेगळ्या सेन्सरवर कळतं, फॅटवर नाही. आणि मशीनला नातीगोती नसतात."

लोक हसले. आबांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली.

"तुमी शिकल्यासवरल्याली मानसं. मशीन म्हणतंय तर आसंल. घरी इच्यारतो," ते म्हणाले.

घरी विचारतो, म्हणाले. हे शब्द माझ्या कानावरून गेले आणि गेलेच. घरी कुणाला विचारणार, धार कोण काढतं, असा प्रश्न बाई असून मला पडला नाही.

पुढच्या आठवड्यात मी शिरूरला ऑफिसात होते. गुरुवारी दुपारी सेक्रेटरींचा फोटो आला. आबांची चिठ्ठी, आणि खाली मेसेज: दुसऱ्यांदा आलं, आबा असं करणारे नव्हेत, जरा बघा. मी फोटो मोठा केला. नाव आणि शेरा एका ओळीत, मध्ये जागा नाही, शेऱ्याची ओळ कोरी. मला एक मिनिटही लागलं नाही. मी बोटावर बाइट मोजले. शहाण्णव.

दुरुस्ती वीस मिनिटांची होती. मजकूर देताना शून्य लावणारं ते साधन वापरलं, दोन्ही कप्पे दर वेळी पुसायचे केले, जुनी 'अनसेफ'वरची ओळ खोडली. नाव बरोबर कप्प्याइतकं असेल तर काय होतं याची चाचणी लिहिली. ही चाचणी आधी लिहिली असती तर पाच मिनिटं लागली असती. अपडेट सगळ्या केंद्रांना पाठवलं आणि त्याच्या माहितीत लिहिलं: किरकोळ सुधारणा.

किरकोळ. हा शब्द मी विचार करून लिहिला. त्याआधी दुसरा एक मजकूर लिहून पाहिला होता, त्यात 'चुकीचा शेरा' असे शब्द होते. ते वाचून सगळ्या केंद्रांवर लोक जुन्या चिठ्ठ्या बाहेर काढतील, असं डोळ्यांपुढं आलं. साहेब काय म्हणतील तेही आलं. मी तो मजकूर पुसला. या वेळी मात्र नीट पुसला.

मग सेक्रेटरींना फोन केला. "अपडेट आलंय. मशीन बंद करून चालू करा."

"आन् आबांचं कसं, मॅडम?"

"आता नाही येणार तो शेरा."

"बरं, बरं," ते म्हणाले. त्यांचा आवाज सुटका झाल्यासारखा मोकळा झाला. माझं वाक्य शब्दाला शब्द खरं होतं. मी फोन ठेवला.

पाच आठवडे गेले. मी नेहमीसारखी जेवत होते, ऑफिसला जात होते, फक्त निमोण्याकडचा फोन आला की सहकाऱ्याला घ्यायला सांगत होते. एका रविवारी दौंडला गेले. वडील ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. मी त्यांना गोष्ट सांगितली, पण अशी, की एक अवघड बग कसा सापडला. पाटीचा दाखला दिला की ते खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या माणसाला कळवलंस का?"

"पप्पा, दुरुस्त केलं ना मी. त्याच दिवशी."

"दुरुस्तीचं मी विचारलं नाही."

"सेक्रेटरींना फोन केला होता."

"काय सांगितलंस त्यांना?"

मी ओट्यावरची टरफलं गोळा करायला लागले. ते शेंगा फोडत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्याकडे रूळ सांधला म्हणजे काम झालं असं नसायचं. दोन्हीकडच्या स्टेशनांना कळवावं लागायचं. नाहीतर गाड्या उभ्याच राहतात, बाई." आणि शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी स्कूटीवर आबांच्या वस्तीवर गेले. आबा गोठ्याच्या सावलीत बाजेवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं, उठून जागा दिली आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं. माझ्याच वयाची असेल ती. तांब्या ठेवून चौकटीशी उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. बाइट आणि शून्य नाही सांगितलं, एवढंच सांगितलं की पुढच्या माणसाचा शेरा तुमच्या नावाला चिकटत होता, तुमच्या दुधात पाणी कधीच नव्हतं. आबांचा चेहरा उजळला.

"व्हय का? म्हंजी मशीनबी चुकतंया म्हणा की."

किती सोपं करून दिलं त्यांनी. मान हलवली असती तर चहा घेऊन परत येता आलं असतं.

"मशीन नाही, आबा. मी चुकले. ते मी लिहिलेलं होतं. आणि तुम्ही फॅट दाखवलंत तेव्हा मी बघितलं नाही."

चौकटीतून सुनेचा आवाज आला.

"ताई, नीट कवा केलं तुमी त्ये?"

मी तो गुरुवार सांगितला. तिनं मनाशी दिवस मोजले.

"त्याच दिशी सांच्याला आत्यांनी धार काढाय घेतली," ती म्हणाली. आत्या म्हणजे तिची सासू. "माझ्या हातात बादली द्यायची न्हाई म्हणल्या. आन् दुसऱ्या दिसापास्नं शेरा बंद झाला. तवा समदे म्हणले, आता इच्यारायचं काय राहिलं."

मला आधी समजलं नाही. मग समजलं. मी चोरून केलेली दुरुस्ती या घरात पुरावा म्हणून लागली होती. शेरा येत होता तोवर निदान शंका तरी होती. तो बंद झाला आणि तिच्यावर शिक्का बसला. माझ्या फोननंतरही सेक्रेटरींनी वस्तीवर काही का सांगितलं नाही तेही आत्ता उमगलं. मशीन चुकलं असं मी म्हटलंच नव्हतं; बादली सासूकडे गेली म्हणून शेरा थांबला, असंच त्यांनाही वाटलं असणार.

"तुमचं काहीच चुकलं नव्हतं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"त्येच म्हणत हुते मी. धा दिस म्हणत हुते." ती रडत नव्हती, बाजारहाट सांगावा तशी सांगत होती. "मग मलाच वाटाय लागलं. बादली इसळल्यावर बुडाशी पाणी राहत आसंल, माझं ध्यान नसंल. मशीनला दिसतंय म्हंजी आसनारच की. शेवटाला मी कबूल केलं आत्यांपाशी. व्हय म्हणलं, राहिलं आसंल."

आबा उठून गाईपाशी गेले. तिथं काही काम नव्हतं, दावं सोडून पुन्हा बांधलं.

जे केलं नव्हतं ते तिनं कबूल करून टाकलं होतं, आणि तेवढे दिवस मी सेक्रेटरींचा फोन टाळत होते.

दुसऱ्या सकाळी मी केंद्रावर गेले आणि रांगेसमोर उभी राहून सांगितलं. मोठ्यानं बोला, असं मागून कुणीतरी म्हणालं म्हणून पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. सेक्रेटरींनी मान खाली घातली. एक जण म्हणाला, बरं झालं सांगितलंत, दुसरा म्हणाला, चला, उरका, दूध तापतंय. आबा रांगेत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, लोकांकडे बघत होते, कोण ऐकतंय ते.

त्याच दिवशी संध्याकाळी सासूनं बादली सुनेच्या हातात दिली. हे मला आबांनीच फोन करून सांगितलं, त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मी विचारलं, सगळं ठीक आहे ना आता?

"तशी काढती धार. पर आदी बादली इसळती, आन् मग पदरानं पुसती, आन् उन्हात पालथी घालती. पार कोरडी खडंग व्हईस्तवर बसत न्हाई. गाय हंबारती तरी बसत न्हाई. सकाळ-सांज त्येच."

मी म्हटलं, "आबा, त्यांना सांगा, त्याची काही गरज नाही."

"सांगितलं की," आबा म्हणाले. "ऐकत न्हाई."